तपासणारा कुणाचा?

परभणीच्या दोन कुटुंबांनी बावीस वर्षांच्या अंतराने एकच प्रश्न उच्च न्यायालयाच्या दारात नेला. पोलिसांच्या ताब्यात गेलेला माणूस दगावला, तर त्याचा तपास पोलिसांनीच करायचा का? पोलिसांच्या गैरवर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या राज्यपातळीवरच्या संस्था आणि त्यांचे स्वातंत्र्य हा विषय कोरडा वाटतो. प्राधिकरण, आयोग, अधिनियम, शिफारस असे शब्द आले की वाचक पान उलटतो. परभणीत मात्र हा विषय घराघरांत बोलला गेला आहे, आणि त्याची ओळख करून द्यायला या जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. कलमांचा आणि निकालांचा तपशील पुढच्या पानांत आहे. इथे फक्त प्रश्न नीट मांडायचा आहे.

दोन प्रकरणे

ख्वाजा युनूस हा परभणीचा सत्तावीस वर्षांचा संगणक अभियंता दुबईत नोकरी करत होता. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. सुट्टीवर आलेल्या युनूसला त्याच महिन्याच्या २५ तारखेला चिखलदऱ्याहून ताब्यात घेण्यात आले. जानेवारी २००३ च्या पहिल्या आठवड्यानंतर तो कुणाला दिसला नाही. पोलिसांचे म्हणणे असे की, तपासासाठी त्याला औरंगाबादकडे नेत असताना पारनेरच्या हद्दीत गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. तशी फिर्यादही पारनेरच्या ठाण्यात नोंदवली गेली. ती देणारे होते त्याला घेऊन निघालेल्या पथकाचे अधिकारी सचिन वाझे. त्याच कोठडीतल्या एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले की, युनूसला बेदम मारहाण होताना आपण पाहिले. युनूसच्या आईवडिलांनी उच्च न्यायालय गाठले आणि तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीआयडीकडे गेला. तो पळाला नाही, कोठडीतच मेला, असा सीआयडीचा निष्कर्ष निघाला. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. सीआयडीने चौदा पोलिसांवर खटला भरण्याची परवानगी मागितली. शासनाने ती चौघांपुरती दिली. त्यांत सहायक पोलीस निरीक्षक दर्जाचे वाझे आणि तीन शिपाई होते. ज्या स्फोटाच्या प्रकरणात युनूसला धरले होते, त्यातले उरलेले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. कोठडीतल्या मृत्यूचा खटला मात्र पुढची वीस वर्षे रेंगाळतच राहिला.

दुसरे प्रकरण ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ काचेच्या पेटीत ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. जगभर तो दिवस मानवी हक्क दिन म्हणून पाळतात. दुसऱ्या दिवशी शहर बंद होते. दगडफेक झाली, जाळपोळ झाली आणि मग धरपकड सुरू झाली. ताब्यात घेतलेल्या पन्नासेक जणांत वडार समाजातला पस्तीस वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी होता. तो कायद्याचा विद्यार्थी होता. दोन दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली आणि १५ डिसेंबरच्या सकाळी तो मरण पावला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात झाले. अंगावरच्या अनेक जखमांमुळे आलेला धक्का, असे कारण प्राथमिक अभिप्रायात नमूद झाले. त्यानंतर काही दिवसांत मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, सोमनाथने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती आणि ठाण्यातल्या चित्रीकरणातही मारहाण दिसत नाही. त्याच वेळी न्यायालयीन चौकशीही जाहीर झाली.

त्या एका मृत्यूभोवती किती चौकश्या उभ्या राहिल्या ते पाहण्यासारखे आहे. अकस्मात मृत्यूची नोंद होऊन तपास सीआयडीकडे गेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. राज्य मानवी हक्क आयोगाने दखल घेतली. निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पोलिसांवर ठपका ठेवला गेला आणि मार्च २०२५ मध्ये त्या अहवालाच्या आधारे मानवी हक्क आयोगाने संबंधितांना नोटिसा काढल्या. इतके होऊनही साधा गुन्हा दाखल झालेला नव्हता. सोमनाथच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली आणि ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने आठवड्याभरात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथे नकार मिळाला आणि मगच परभणीच्या नवा मोंढा ठाण्यात गुन्हा दाखल झाला. मृत्यूपासून गुन्ह्याच्या नोंदीपर्यंत साडेसात महिने गेले.

कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालये ठरवतील, प्रस्तावनेचे ते काम नव्हे. इथे पाहायचा तो या दोन प्रकरणांतला सारखेपणा. दोन्हीकडे पहिला कागद पोलिसांच्या हातचा आहे: एकीकडे पलायनाची फिर्याद, दुसरीकडे अकस्मात मृत्यूची नोंद. दोन्हीकडे कागदाला दुसरी बाजू फुटली ती त्या पोलिसांबाहेरच्या कुणीतरी लेखणी हातात घेतली तेव्हा. आणि दोन्हीकडे प्रकरण पुढे न्यायला घरच्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जे काम एका नेमलेल्या, पगारी, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने आपण होऊन करायला हवे, ते परभणीत आयांनी केले. म्हणून हा प्रश्न चांगल्या-वाईट पोलिसांचा कमी आणि मध्ये उभ्या राहणाऱ्या संस्थेचा जास्त आहे.

अर्जाचा प्रवास

कोठडीतला मृत्यू हे टोक झाले. रोजची तक्रार याहून लहान असते आणि तिचे काय होते, हे जिल्ह्याच्या कचेऱ्यांत पायताण झिजवलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची तक्रार आहे की, बांधाच्या भांडणात ठाण्यात बोलावून आपल्याला शिवीगाळ झाली, दोन थोबाडीत बसल्या आणि समोरच्याचीच बाजू घेतली गेली. ठाण्यात त्याची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंददेखील घेतली जात नाही. कुणीतरी सुचवते, ‘एसपी ऑफिसला अर्ज दे.’ तो झेरॉक्सच्या दुकानातून अर्ज टाइप करून घेतो, आवक शाखेत देतो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतो. गोल शिक्का, खाली तारीख, बाजूला आवक क्रमांक. तो कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला जातो.

इकडे मूळ अर्जावर शेरा पडतो: ‘चौकशी करून अहवाल सादर करावा.’ अर्ज उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे जातो. तिथे दुसरा शेरा पडतो: ‘नियमोचित कार्यवाहीसाठी.’ आणि अर्ज ज्या ठाण्याविरुद्ध आहे त्याच ठाण्यात येऊन पडतो. पंधरा दिवसांनी शेतकऱ्याला फोन येतो, ‘तुमचा अर्ज आलाय, जबाब द्यायला या.’ जबाब घेणारा बीट अंमलदार थोबाडीत मारणाऱ्याचा रोजचा सोबती. चहा सांगितला जातो, ‘मिटवून टाका, कशाला कोर्टकचेरी’ असे समजावले जाते आणि जबाबाच्या शेवटी ओळ येते: ‘आता माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ खाली सही किंवा अंगठा. अर्ज दफ्तरी दाखल होतो.

यात कुणी नियम मोडलेला नाही. प्रत्येक टेबलाने आपला शेरा मारला, प्रत्येक कागदाला जावक क्रमांक पडला. खात्याची स्वतःची शिस्तही कागदावर पुरेशी कडक आहे. १९५६ चे शिक्षा व अपील नियम आहेत, कसुरी अहवाल आहे, प्राथमिक चौकशी आहे, विभागीय चौकशी आहे. सक्त ताकिदीपासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि बडतर्फीपर्यंत पायऱ्या आहेत. प्रकरण फारच गाजले तर संबंधिताला ‘कंट्रोलला जमा’ केले जाते किंवा त्याची बदली होते. बदली ही शिक्षा मानली, तर ज्या गावी तो जातो त्या गावाने कोणता गुन्हा केला, हा प्रश्न उरतोच. आणि मराठवाड्यातल्या माणसाला तो अधिक टोचतो, कारण मुंबई-पुण्याच्या नोकरशाहीत या जिल्ह्यांकडे बराच काळ शिक्षेची जागा म्हणूनच पाहिले गेले. खोट एवढीच आहे की, ही सारी शिस्त खात्याने, खात्यासाठी, खात्याच्या सोयीने चालवायची असते. तक्रारदार तिच्यात फार तर साक्षीदार असतो. त्याला निकाल कळवण्याचीही सवय खात्याला नाही.

कागदावरचे प्राधिकरण

यावरचा उपाय नवा नाही. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला आणि १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. ते फडताळात पडून राहिले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल २२ सप्टेंबर २००६ रोजी लागला. न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतला सहावा पोलीस तक्रार प्राधिकरणाचा होता: राज्यासाठी एक आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी एक. राज्याच्या प्राधिकरणावर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश. अध्यक्षाचे नाव मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या यादीतून घ्यायचे. पोलीस अधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची प्रकरणे राज्याकडे, उपअधीक्षकापर्यंतची जिल्ह्याकडे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार यांच्या जोडीने खंडणी आणि जमीन-घर बळकावणे हेही जिल्हा प्राधिकरणाच्या कक्षेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्राधिकरणाची शिफारस संबंधित यंत्रणेवर बंधनकारक.

या निर्देशांचे पालन कितपत झाले, हे पाहायला सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती थॉमस यांची समिती नेमली. समितीने ज्या चार राज्यांना प्रत्यक्ष भेटी दिल्या त्यांत महाराष्ट्र होता. २०१० च्या तिच्या अहवालात राज्यांच्या उदासीनतेवर कोरडे ओढले आहेत. महाराष्ट्राने कायदा केला तो २०१४ मध्ये, १९५१ च्या पोलीस अधिनियमात नवी कलमे घालून. प्राधिकरण प्रत्यक्ष बसून काम सुरू व्हायला २०१७ उजाडले. निकाल ते कामकाज हे अंतर अकरा वर्षांचे आहे.

पण उशिरापेक्षा मोठा बदल वाटेत झाला. सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा म्हटले होते, महाराष्ट्राने त्याचा विभाग केला. परभणीच्या नऊ तालुक्यांसाठी हे प्राधिकरण परभणीत नाही, छत्रपती संभाजीनगरच्या महसुली विभागाचे म्हणून आहे. सोनपेठ किंवा पालमच्या माणसाने आधी परभणी गाठायची आणि तिथून रेल्वेने आणखी पावणेदोनशे किलोमीटर जायचे. सुनावणीच्या तारखेला एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे तिकीट जाते, मुक्काम पडला तर आणखी खर्च. एवढा खर्च सोसून दोन थोबाडीत मारल्याची तक्रार कोण लढवील? एका विभागात आठ जिल्हे कोंबले की, प्राधिकरण आपोआप फक्त मोठ्या प्रकरणांचे होते आणि मोठी प्रकरणे तर आधीच उच्च न्यायालयात गेलेली असतात. सोमनाथ सूर्यवंशीच्या प्रकरणात सीआयडी, आयोग, खंडपीठ ही नावे महिनोन्महिने मथळ्यांत राहिली. ज्या संस्थेचे हे नेमके काम, तिचे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी आले.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले, साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे. अहवाल मात्र शासनाकडे जातो. शासनाने तो मान्य करून कारवाई करावी, ही अपेक्षा. पण अपवाद म्हणून कारणे नोंदवून तो नाकारण्याची वाटही ठेवलेली. कारणे लिहिणे हे सचिवालयाला कधी जड गेलेले नाही.

मानवी हक्क आयोगाची गोष्ट याच वळणाची आहे. १९९३ च्या केंद्रीय कायद्याखाली महाराष्ट्राचा आयोग २००१ मध्ये स्थापन झाला. कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत द्यायची, हा राष्ट्रीय आयोगाचा डिसेंबर १९९३ पासूनचा दंडक आहे. सोमनाथच्या प्रकरणात राज्य आयोगाने दाखवलेली तत्परता नोंद घेण्याजोगी आहे. पण आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही. घटनेला वर्ष उलटले की तक्रार घेता येत नाही. तपासासाठी त्याच्याकडे जे पथक असते तेही पोलीस दलातूनच आलेले. आणि २०२२ च्या सुमारास अशीही वेळ आली की, आयोगाला ना अध्यक्ष होते ना सदस्य. नेमणुका करा, हे सांगायलाही मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. संस्था बंद पाडायला तिचा कायदा रद्द करावा लागत नाही, खुर्च्या रिकाम्या ठेवल्या तरी पुरते.

स्वातंत्र्य कशात असते

आपल्याकडे संस्थेचे स्वातंत्र्य माणसाच्या नावावरून जोखले जाते. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष आहेत म्हणजे संस्था स्वतंत्र, असा हिशेब असतो. न्यायमूर्ती स्वतंत्र बाण्याचे असतीलही. पण त्यांना नेमणारे खाते कोणते, कचेरीचे भाडे आणि कारकुनांचे पगार कुठून येतात, पंचनामा करायला, कागद जप्त करायला, वैद्यकीय अहवाल समजून घ्यायला त्यांच्या हाताखाली कोण आहे आणि शेवटी त्यांनी लिहिलेले पान कुणाच्या टेबलावर जाऊन थांबते? चारही प्रश्नांची उत्तरे गृहविभागाच्या आसपासच घुटमळत असतील, तर अध्यक्षस्थानी कुणी का बसेना. ज्याच्या ओसरीवर बसून न्याय द्यायचा, त्याच्याविरुद्ध निवाडा देणे अवघड असते.

या चारांतला तपासाचा हात सर्वांत दुर्लक्षित आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या आरोपीचा पोलिसांच्या गाडीत गोळीबारात मृत्यू झाला. तिथेही न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला आणि तिथेही गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला हुकूम काढावा लागला. म्हणजे चौकशी करणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, असे नाही. दंडाधिकारी चौकशी करतात आणि अनेकदा चोख करतात. अहवाल हातावेगळा झाल्यावर पुढे काय, इथे वाट बुजते. सोमनाथच्या आईच्या याचिकेतला कळीचा मुद्दा हाच होता. कलम १९६ ची चौकशी संपल्यावर गुन्हा कुणी नोंदवायचा, तपास कुणी करायचा, याचा पुरेसा उलगडा कायद्यात नाही. त्या रिकाम्या जागेत एक स्वतंत्र तपासयंत्रणा असायला हवी होती.

बाहेर असे प्रयोग झालेले आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये दोन समाजांतला दीर्घ रक्तपात संपवणाऱ्या तहानंतर, २००० साली पोलीस लोकपालाची कचेरी सुरू झाली. तिचे तपास अधिकारी तिचे स्वतःचे आहेत. तक्रार आली की कागद उलटा ठाण्यात जात नाही. पोलिसांवर काडीचा विश्वास नसलेल्या वस्त्यांत ही कचेरी उभी राहिली, हे मराठवाड्यातल्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावे.

सनद नसलेला पेशा

या विषयाची एक बाजू आपल्याकडे जवळजवळ चर्चेत नाही, ती म्हणजे पात्रतेची. डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद. रुग्णालयाने डॉक्टरला नोकरीवरून काढले तरी तो डॉक्टर असतो. परिषदेने नोंदणी रद्द केली की दवाखान्याची पाटी उतरवावी लागते. नोकरी आणि पात्रता या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या हातांत आहेत. पोलिसाच्या बाबतीत दोन्ही एकाच हातात. जालन्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षण केंद्रातून शिपाई एकदा बाहेर पडला की, त्याची पात्रता पुन्हा कुणी तपासत नाही. त्याला ठेवायचे, काढायचे की परत घ्यायचे, हे सर्वस्वी नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर.

त्याचा अर्थ काय होतो, ते पाहायला पुन्हा परभणीच्या पहिल्या प्रकरणाकडे जावे लागते. सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले. २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तो मंजूर झाला नाही. त्यानंतर त्यांनी राजकीय पक्षातही प्रवेश केला. युनूसचा खटला उभा असतानाच, जून २०२० मध्ये त्यांना सेवेत परत घेण्यात आले. कोविडच्या काळात मनुष्यबळ अपुरे पडते, असे कारण सांगण्यात आले. परभणीहून युनूसच्या आईने अवमान याचिका केली. मार्च २०२१ मध्ये उद्योगपती मुकेश अंबानींच्या घराजवळच्या स्फोटकांच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने वाझे यांना अटक केली आणि मे महिन्यात त्यांना बडतर्फ करण्यात आले, तेही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मधल्या विनाचौकशी बडतर्फीच्या अपवादाखाली. आरोप सिद्ध व्हायचे आहेत आणि आरोपीला निर्दोष मानण्याचे तत्त्व पोलिसालाही लागू आहे. पण कोठडीतल्या मृत्यूचा खटला चालू असलेला अधिकारी पुन्हा गणवेश घालण्यास पात्र आहे का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क असलेली एकही संस्था राज्यात नव्हती. ज्यांना माणसे हवी होती त्यांनीच उत्तर देऊन टाकले.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत पोलिसाला पात्रतेचे प्रमाणपत्र देणारे स्वतंत्र मंडळ असते आणि गंभीर गैरवर्तनासाठी ते प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर मॅसॅच्युसेट्सने २०२० च्या अखेरीस आणि कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये असे कायदे केले. हेतू साधा आहे. एका शहराने हाकललेला पोलीस शेजारच्या शहरात भरती होऊ नये. तिथेही मंडळावर कोण बसणार यावरून रस्सीखेच आहे. पोलीसप्रमुख आणि संघटनांचे प्रतिनिधी जास्त असले की मंडळ खात्याचीच दुसरी कचेरी बनते. म्हणजे प्रमाणपत्राची पद्धत आणली म्हणून स्वातंत्र्याचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त एक पायरी वर जातो. आपल्याकडे मात्र पहिली पायरीच नाही. सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे यांत नियमांनी फरक केला आहे. बडतर्फाला सरकारी नोकरी साधारणपणे पुन्हा मिळत नाही, काढून टाकलेल्याला मिळू शकते. पण या दोहोंतले काय निवडायचे, हे ठरवणारा वरिष्ठ त्याच खात्यातला असतो.

पोलिसाच्या बाजूने

या सगळ्याला पोलिसांकडून एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बंदोबस्त, मोर्चे, सण, निवडणुका यांत बारा-बारा तास उभा राहणारा शिपाई म्हणतो की, आमच्या डोक्यावर आणखी एक साहेब बसवला, तर काम करायचे कसे? खोट्या तक्रारी होतात, गुन्हेगार आधी अर्ज टाकून ठेवतात आणि पुढारी त्यांचा वापर करतात, हेही खरे आहे. पण आजच्या व्यवस्थेत भरडला जातो तो बहुतेकदा हाच शिपाई. युनूसच्या प्रकरणात चौदा नावे होती; परवानगी मिळाली ती एका कनिष्ठ अधिकाऱ्याची आणि तीन शिपायांची. वरून तोंडी आदेश येतो, डायरीत त्याची ओळ नसते आणि प्रकरण अंगावर आले की ज्याची सही आहे तोच अडकतो. आदेश कुणाचा होता हे विचारण्याची हिंमत खात्यातल्या चौकशी अधिकाऱ्याला होत नाही, कारण उत्तर त्याच्याही वरिष्ठापर्यंत जाऊ शकते. बाहेरची संस्था तो प्रश्न विचारू शकते. खोट्या अर्जातून सुटलेल्या पोलिसालाही तिचाच निर्वाळा उपयोगी पडतो. खात्याने दिलेल्या निर्दोषत्वावर गाव विश्वास ठेवत नाही.

वाचकाच्या हाती

काही हत्यारे आजही हाताशी आहेत. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बंधनकारक केले आणि चित्रीकरण शक्यतो अठरा महिने जपण्यास सांगितले. त्याची मागणी लेखी आणि लवकर करावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार, लोकसेवकावर खटल्याची परवानगी मागितल्यावर शासनाने १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. हे कलम आधी असते, तर युनूसच्या कुटुंबाची काही वर्षे वाचली असती. मानवी हक्क आयोगाची एका वर्षाची मुदत विसरू नये. आणि पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नये.

पण ही एकेकट्याने लढायची हत्यारे झाली. संस्थेसाठी मागण्या वेगळ्या आहेत. प्राधिकरण जिल्ह्याला हवे, निदान महिन्यातून एकदा परभणीच्या न्यायालयाच्या आवारात बसणारे तरी हवे. त्याचे तपासनीस त्याचे स्वतःचे हवेत. अध्यक्षाची जागा रिकामी होण्याआधी पुढचे नाव ठरलेले हवे. शिफारस नाकारली, तर ती का नाकारली हे विधिमंडळापुढे मांडले जावे. आणि गंभीर आरोप असलेल्या पोलिसाला सेवेत परत घेण्यापूर्वी त्या प्राधिकरणाची संमती घ्यावी. यांतल्या एकाही मागणीसाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. पहिली मागणी तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच मान्य केलेली आहे, महाराष्ट्राने ती अर्धी पाळली आहे. उरलेली अर्धी मागणे हे परभणीच्या लोकप्रतिनिधींचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेणे परभणीकरांचे.